कांचीच्या बाई

कांचीपुरम,
९ फेब्रुवारी १९४८

चि. वल्लीस अक्काचा आशीर्वाद.

पाकीट तुझ्या शाळेच्या पत्त्यावरच टाकते आहे, घाबरू नकोस. वरचं अक्षरही पोस्टातल्या कारकुनाकडून काढून घेतलंय. कुणी पाहिलंच तर वाटेल, एखाद्या पोरीच्या बापाची तक्रार आली.

बातमी अशी की आपल्या देवाला आता दृष्ट लागत नाही. सरकारने कायदाच केलाय तसा. परवा संध्याकाळी पालखी गल्लीतून फिरून परत आली. मी नेहमीसारखी देवळाच्या दारात कुंभाचा दिवा घेऊन उभी. आई उभी राहायची, आजी उभी राहायची, तिथेच. पुजारी पुढे आले आणि त्यांनी दिवा माझ्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही हो. लहान पोराच्या हातातली विळी काढून घ्यावी ना, तसा हळूच. म्हणाले, "पेरुंदेवी, आता नको. देवळातल्या बायकांची चाकरी बंद झाली."

मी म्हटलं, "मग देवाची दृष्ट कोण काढणार?"

"मी काढीन की."

आणि काढली! कोळिष्टकं झाडल्यासारखा हात फिरवला आणि दिवा खाली ठेवला. पालखीचे भोई हसत होते.

नव्या पोरी देवाला वाहायच्या नाहीत, हे चांगलंच झालं. त्यासाठी मला कायदा कुणी वाचून दाखवायला नको. आई गेल्यावर तुला मद्रासच्या अनाथ मुलींच्या आश्रमात नेऊन सोडलं, तेव्हा अख्खी गल्ली माझ्या तोंडावर थुंकली होती. पण माझं काय करायचं ते कायद्यात लिहिलंय का? देवळाचा कारभार पाहणारे धर्मकर्ते रंगय्या चेट्टियार म्हणतात, चाकरी गेली तर घरही गेलं, चित्तिरै लागून नवं वर्ष सुरू व्हायच्या आत जागा मोकळी करा. हाच रंगय्या आपल्या ओट्यावर बसून आईचं गाणं ऐकायचा. डोळे मिटून मान डोलवायचा. आता डोळे चांगले उघडलेत.

मी कुठेही पडून राहीन गं. पण चिन्नम्माचं काय? आपल्या दोघींना जिने लहानाचं मोठं केलं ती मावशी खुबा मोडून खाटेवर पडलीय. तिला हलवायचं म्हटलं तरी ती किंचाळते.

तुझे यजमान वकील आहेत. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागते. मी कोण ते सांगू नकोस. म्हण, शाळेतल्या बाईंच्या ओळखीची कुणी आहे. एवढंच विचार की घर वाचेल का.

अक्का

~

मद्रास,
२ मार्च १९४८

ती. अक्कास सा. न.

शाळेत परीक्षा चालू आहेत, सासूबाईंचं दुखणं आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण अक्का, खरं सांगू? कायदा वाईट नाही. आमच्या शाळेत त्यावर सभा झाली आणि मुख्याध्यापिकांनी मलाच बोलायला लावलं. मी बोलले. शतकांचा कलंक पुसला गेला, असं म्हटलं. टाळ्या वाजल्या तेव्हा मला तुझीच आठवण आली. आता तुला मान वर करून चालता येईल.

घराचं मी यांच्या कानावर घालते. सध्या त्यांच्याकडे एक मोठा खटला आहे, जेवायलासुद्धा फुरसत नाही. योग्य वेळ पाहून विचारीन.

आमची पद्मजा चौदाची झाली. मी तुला सांगणार नव्हते, पण सांगते. ती नाच शिकते आहे. आता चांगल्या घरच्या मुली शिकतात. न्यायाधीशांची नातही तिच्याच वर्गात आहे. तिचे हात अगदी आपल्या आईसारखे वळतात. पाहिलं की मला उठून आत जावं लागतं.

चिन्नम्माला नमस्कार.

तुझी वल्ली

~

कांचीपुरम,
११ मार्च १९४८

चि. वल्लीस आशीर्वाद.

मान वर करून चाल म्हणतेस. बरं. डोक्यावरचं छप्पर गेलं की मान वर केल्यावर आभाळ छान दिसेल.

तुझ्या भाषणाला टाळ्या पडल्या, फार आनंद झाला. पुढच्या खेपेला त्यांना हेही सांग, की तोच नाच आमच्या अंगाला चिकटला तर कलंक आणि न्यायाधीशांच्या नातीच्या अंगाला लागला तर कला. चिन्नम्माला पद्मजाचं सांगितलं तर खाटेवरून म्हणते कशी, "तिला सांग, कोपर पाडू नकोस म्हणावं, तुझ्या आजीला तीच खोड होती." म्हातारीला खुब्याचं दुःख नाही, कोपराची काळजी!

आता कामाचं नीट वाच. चेट्टियारांचा माणूस आला होता. गोड बोलत होता. म्हणाला, भांडणतंटा न करता घर सोडलंत तर फुलबागेच्या मागची माळ्याची खोली तुम्हाला जन्मभर राहायला देऊ. खोली पाहून आले. ओल आहे, पण दाराला कडी आहे, विहीर जवळ आहे, चिन्नम्माची खाट मावते. नव्या वर्षाच्या आत उत्तर द्यायचंय. नाही म्हटलं तर तीही जाईल.

तुझे यजमान काय म्हणतात? घर वाचायचं नसेल तर तसं स्वच्छ लिही, मी खोली घेऊन मोकळी होते. वाचणार असेल तर तसं लिही. पण लिही. तुझ्या शब्दावर मी थांबलेय.

अक्का

~

मद्रास,
२० मार्च १९४८

ती. अक्कास सा. न.

यांना विचारलं. काळजी सोड. तुझी बाजू भक्कम आहे असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी चेट्टियारांना स्वतः पत्रही लिहिलं आहे. वकिलाचं पत्र पाहिलं की असली माणसं गारठतात.

ती खोली मात्र घेऊ नकोस. खोली कबूल केलीस की घरावरचा हक्क सोडल्यासारखं होईल. कशावरही अंगठा, सही काही देऊ नकोस, कुणाशी बोलू नकोस. नुसती घरात बसून राहा. पुढचं सगळं इकडून होईल.

यापुढे या विषयावर फार पत्रं पाठवू नकोस. शाळेतली शिपाईण हल्ली पाकिटं उलटीसुलटी करून पाहते.

तुझी वल्ली

~

कांचीपुरम,
३० मे १९४८

वल्लीस,

चिन्नम्मा गेली.

तू सांगितलंस तशी मी घरात बसून राहिले. चेट्टियारांच्या माणसाला म्हटलं, "खोली ठेवा तुमच्या माळ्यालाच. आमच्या बाजूने मद्रासचा वकील आहे." तो हसला. मला वाटलं, घाबरून हसला.

गरुडसेवेच्या दिवशी पहाटेच गल्ली रिकामी झाली. आपला देव वरदर गरुडावर बसून निघाला की कांचीत घरात कोण थांबतं? शेजारपाजारची झाडून सगळी त्याला पाहायला गेली होती. तीच वेळ साधून माणसं आली. भांडी बाहेर ठेवली, आईचा तंबोरा बाहेर ठेवला. मग चिन्नम्माची खाट उचलली. ती किंचाळत होती आणि तिकडे मोठ्या रस्त्यावर नगारे वाजत होते, कोण ऐकणार? उत्सवाहून लोक परतले तेव्हा आमच्या दाराला देवळाचं कुलूप होतं.

मुनियम्मा विणकरणीने आपल्या पडवीत जागा दिली. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी. आत मागाची खटखट, बाहेर धूळ. चिन्नम्माला तापच भरला. शेवटी शेवटी सारखी म्हणायची, "पेरुंदेवी, दार लाव गं, वारं लागतंय." मी म्हणायचे, "लावलं हं." जरा वेळाने पुन्हा, "लावलंस का?" "लावलं."

तुझ्या यजमानांना मी दोष देत नाही म्हणून सांग. त्यांनी लिहिलं, त्याने मानलं नाही. त्याला ते तरी काय करणार?

अक्का

~

मद्रास,
१२ जून १९४८

ती. अक्कास,

शाळेत वर्गावर असताना तुझं पत्र आलं. मुलींना कविता पाठ करायला लावून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

वकिलाचं पत्र मिळूनही चेट्टियार असा वागला, म्हणजे माणूसच नीच. यांनाही फार वाईट वाटलं.

अक्का, तू इकडे निघून ये. मी सगळं जमवलं आहे. पद्मजाच्या शिक्षकांना जुनी पदं येत नाहीत. यांना मी म्हटलं, कांचीच्या एक बाई आहेत, अभिनय चांगला शिकवतात. हे लगेच हो म्हणाले. परसातली खोली रिकामी आहे, तिथे राहा.

फक्त काही गोष्टी सांभाळ. मला इथे सगळे कनकम म्हणतात. वल्ली हे नाव तोंडातून जाऊ देऊ नकोस. नाकातल्या दोन्ही मोरण्या काढून ये, त्यावरून लोक देवळातली बाई ओळखतात. जेवण तुझ्या खोलीत येईल, सासूबाईंचं सोवळं कडक आहे. आणि गावाचं, घराचं काही यांच्याशी बोलू नकोस. त्यांना ते खटले-बिटले घरात आलेले आवडत नाहीत.

येशील ना?

वल्ली

~

कांचीपुरम,
१८ जून १९४८

चि. वल्लीस अनेक आशीर्वाद.

येते. मोरण्या काढल्या. नाक बोडकं बोडकं वाटतंय, मुनियम्मा म्हणते, "आता तुम्ही शाळामास्तरीण दिसता."

मला बाई म्हण, टीचर म्हण, मांजर म्हण. मला कसला मान हवाय? एवढ्या वर्षांनी तू ये म्हणालीस. आश्रमाच्या फाटकात तू माझा पदर सोडत नव्हतीस तेव्हा मीच तुझी बोटं उकलली होती, म्हणाले होते, आम्हाला पुसून टाक. तू पुसलंस, पण कुठे तरी राहिलोच ना आम्ही? नाहीतर कशाला बोलावलं असतंस?

पोरीला जवळून पाहीन. मिरं-सुंठीची इडली करून पानात बांधून आणते. तुला आवडायची. कांचीच्या बाईने आणली म्हणून खा.

अक्का

~

कांचीपुरम,
३ सप्टेंबर १९४८

वल्ली,

न सांगता निघून आले म्हणून तुझ्या घरी गोंधळ झाला असेल. सांगून आले असते तर तू खरं बोलायला लागली असतीस, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

तुझ्या घरात मला त्रास झाला असं मी म्हणणार नाही. ताट वेळेवर यायचं. तुझी सासू माझ्या सावलीला वळसा घालून जायची, पण ती सगळ्यांच्याच सावलीला घालते. इडल्या तू मोलकरणीला देऊन टाकल्यास, तेही मी पाहिलं. मनाला लावून घेतलं नाही. पोर गुणी आहे. एकदा ती मला चटकन पेरियम्मा म्हणाली. आपल्याकडे कुठल्याही थोराड बाईला पोरं थोरली मावशी करून टाकतात, त्यात काय एवढं? पण तू आतून धावत आलीस आणि तिच्यावर ओरडलीस, "टीचर म्हण! सतरांदा सांगितलंय!" पोर बिचारी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बरोबर आहे आईचं. चल, पुन्हा पहिल्यापासून."

त्या दिवशी दुपारी तुझे यजमान ओसरीवर कॉफी घेत बसले होते. मी पोरीला शिकवून परसात निघाले होते. त्यांनीच हाक मारली. माणूस चांगला आहे वल्ली, ते मला फार लागलं. म्हणाले, "बाई, बसा ना. पद्मजा तुमचं फार कौतुक करते. कांचीत तुमचं घरदार असेल?"

मी म्हटलं, "होतं."

"होतं म्हणजे?"

तू बोलू नको म्हणाली होतीस. पण मला वाटलं, ज्या माणसाने आपल्यासाठी पत्र लिहिलं त्याचे आभार तरी मानू नयेत का? म्हणून म्हटलं, "ते धर्मकर्त्यांनी घेतलं. तुम्ही एवढं पत्र लिहिलंत, त्याने मानलं नाही. तुमचे उपकार आहेत."

ते म्हणाले, "मी? कुणाला लिहिलं?"

मी म्हटलं, "माझाच काही घोटाळा झाला असेल." त्यांनी खोदून खोदून विचारलं, मी जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा रागाने लाल झाला. म्हणाले, "असं कुणाला उचलून रस्त्यावर ठेवता येत नाही, बाई. चाकरी बंद झाली म्हणून घर जातं असं कुठे आहे? कोर्टातून मनाईहुकूम आणला असता. अहो, साधी नोटीस गेली असती तरी तो चेट्टियार गप्प बसला असता. तुम्हाला घरात नुसतं बसून राहा असा सल्ला दिला कोणत्या गाढवाने?"

तू तेव्हा दारात उभी होतीस. हातात माझ्यासाठी पाण्याचा पेला होता. माझ्याकडे पाहिलंस. तुझा चेहरा अगदी आश्रमाच्या फाटकातल्यासारखा झाला होता.

मी म्हटलं, "कांचीतलाच एक वकील होता. आता वारला."

ते तुझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस कनकम? माझ्याकडे कुणी वेळेवर आणलं असतं तर एका कागदावर थांबवलं असतं मी हे. त्यांची म्हातारी मावशी गेली यात." आणि तू म्हणालीस, "हो ना. फार वाईट झालं." मग पेला माझ्यासमोर ठेवलास आणि आत गेलीस.

विचारलं नाहीस, हे मी समजू शकते. भीती वाटली असेल. पण मग तसं लिहायचं होतंस. 'माझ्याकडून होणार नाही' एवढंच. मी खोली घेतली असती. ओल होती, पण दार होतं.

अक्का

~

मद्रास,
१५ सप्टेंबर १९४८

अक्का,

तू यांना काही सांगितलं नाहीस. त्याबद्दल आभार मानू की तुझ्या पाया पडू, कळत नाही. पण तू मला वाचवलंस ते असं, की मी जन्मभर वर पाहू नये.

ऐक आता. मी यांना विचारलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी कांची गाठली असती. ते तसेच आहेत. पहिला प्रश्न केला असता, घराला वारस कोण? आणि तू सांगितलं नसतंस तरी त्या चेट्टियारने भर कोर्टात उभं राहून सांगितलं असतं, हिला एक धाकटी बहीण होती, मद्रासला पाठवली, शोधा ती कुठे आहे. माझ्या पद्मजाला मग कोणत्या घराने सून करून घेतली असती?

तुला वाटेल, तो माणूस चांगला आहे, त्याने माफ केलं असतं. केलं असतं, अक्का. तेच मला नको होतं. रोज सकाळी त्याच्यासमोर कॉफी ठेवायची, माफ केलेली बायको म्हणून. तू नाही कुणाच्या माफीवर जगलीस. मला शिकवू नकोस.

आणि ते पत्र लिहिलंय असं मी का सांगितलं? तुझं पत्र तेव्हा चौथ्यांदा वाचत होते. 'तुझ्या शब्दावर थांबलेय' असं लिहिलं होतंस. माझ्याने नाही म्हणवेना. मला वाटलं, धमकी पोकळच असेल, चेट्टियार थकेल, आपोआप मिटेल. चिन्नम्मा मरावी असं मला वाटलं होतं का?

पुसून टाक म्हणणारी तूच. आता नीट पुसलं म्हणून रडतेस.

पद्मजाचा पहिला जाहीर कार्यक्रम मार्गळी महिन्यात, डिसेंबरअखेर आहे. ती रोज विचारते, टीचर कधी येणार, त्यांच्याशिवाय मी शेवटचं पद करणार नाही. तिच्यासाठी ये. मागच्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवीन. तुझ्या घरच्या कुणाला आणायचं असेल तर तसं कळव. असं यांनीच लिहायला सांगितलंय. निमंत्रणाचा मजकूर त्यांनी शेजारी बसून मला सांगितला, तो वेगळा पाठवते आहे. त्यात मी तुला परकी बाई म्हणूनच लिहिलंय, समजून घे.

वल्ली

~

(पोस्टकार्ड. पत्ता: श्री. वेदाचलम मुदलियार, वकील, यांचे घरी, मैलापूर, मद्रास)

कांचीपुरम,
२ ऑक्टोबर १९४८

सौ. कनकम वेदाचलम यांस स. न. वि. वि.

आपलं निमंत्रण पोचलं. मी इथे विणकरांकडे रेशीम उकलण्याचं काम धरलं आहे, त्यामुळे येणं जमणार नाही. आपल्या कन्येची तयारी उत्तम झाली आहे. शेवटचं पद तिने जरूर करावं, शिकवणारीची वाट पाहू नये. तिला माझा आशीर्वाद सांगावा. आपल्या यजमानांनी आपुलकीने चौकशी केली, त्यांना नमस्कार.

माझ्या घरच्या कुणाला आणायचं आहे का, असं आपण विचारलं आहे. घरी एक मावशी होती, ती वैशाखात वारली. एक धाकटी बहीण होती. तिला लहानपणी मीच मद्रासला नेऊन सोडलं होतं, ती तिकडेच गेली. आता माझं कुणी नाही. तरी यापुढे पत्राची तसदी घेऊ नये.

पेरुंदेवी